दोन रेसच्या मधल्या आठवड्यांनाही थोडी जागा द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या अंकात रविवारच्या रेसचा फोटो बघितला, पहिल्या पानावर, रंगीत, सगळ्यांच्या छातीवर बिब (नंबरचा कागद) आणि गळ्यात मेडल. खरंच छान वाटलं, कारण मी पळायला लागलो तेव्हा आपल्या नाशिकच्या सिडकोत सकाळी पळणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक थांबवून विचारायचे की डॉक्टरने सांगितलंय का, शुगर निघाली का. आता तसं राहिलं नाही, आता शेजारचे विचारतात की पुढची रेस कुठली. पण तो फोटो बघताना एक गोष्ट मनात आली आणि ती तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय त्याबद्दल माफी असावी. कापाकापी करायचीच झाली तर माझ्याबद्दलचं कापा, आठवड्याबद्दलचं तेवढं ठेवा.

म्हणणं असं आहे की रेस ही एका सकाळची असते, दोन-अडीच तासांत संपते, फोटो निघतात, छापून येतात. पण दोन रेसच्या मध्ये जे आठवडे असतात, ज्यात माणूस खरा घडतो किंवा बिघडतो, त्याबद्दल कुठे चार ओळी येत नाहीत. त्यामुळे नवीन पळणाऱ्यांना वाटतं की पळणं म्हणजे रेस, मग ते एका रेसवरून दुसऱ्या रेसवर जात राहतात आणि एक दिवस फिजिओच्या बाकावर बसलेले दिसतात. मी पण तिथे बसून आलोय.

मी अंबडला एका कंपनीत मशीन शॉपमध्ये काम करतो, वय ४६. पळायला लागून सात वर्षं झाली. हाफ मॅरेथॉनचं (२१ किलोमीटर) आतापर्यंतचं चांगलं टायमिंग २ तास ४ मिनिटं, म्हणजे मी काही बक्षीस घेणाऱ्यांतला नाही, माझ्यासारखे शेकडो लोक आहेत नाशिकमध्ये, कुणी बँकेत, कुणी शाळेत शिक्षिका, कुणाचं मेडिकल दुकान, कुणाचा द्राक्षबाग. हे पत्र त्यांच्यासाठीच आहे.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळालो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं, धुकं, पाऊस, रस्त्याच्या कडेला ढोल वाजवणारी पोरं, असं अंगात वारं भरलं की विचारू नका. पुढे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होती, मध्ये साधारण १८ आठवडे. त्या १८ आठवड्यांत मी सहा रेस पळालो. प्रत्येक वेळी घरून ठरवून निघायचो की आज ट्रेनिंग म्हणून आरामात पळायचं आणि फ्लॅग ऑफ झाला, शेजारचा पुढे गेला, की सगळं विसरायचो. मधल्या दिवसांतही घड्याळात बघत पळायचो, कालच्यापेक्षा आज दोन सेकंद तरी कमी आलेच पाहिजेत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीला आतल्या बाजूने, घोट्याच्या वर चार बोटं सोडून, दुखायला लागलं. सुरुवातीला पहिले दोन किलोमीटर दुखायचं आणि पाय गरम झाला की थांबायचं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग पळून आल्यावर दुखायला लागलं, मग जिना उतरताना, मग रात्री नुसतं पडल्या पडल्या. बोटाने दाबलं की रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा अशी ठणकायची की डोळ्यात पाणी यायचं. आणि त्यातच आणखी एक रेस पळालो. कुठली ते सांगत नाही. १७ किलोमीटरला पाणी संपलेलं होतं, मेडिकलच्या टेबलावर एका पोराने पायावर स्प्रे मारला आणि म्हणाला, जा काका, काही होत नाही. गेलो. शेवटचे चार किलोमीटर कसे काढले ते माझं मलाच माहीत. एमआरआय केला तर हाडाला बारीक चीर. दहा आठवडे पळणं पूर्ण बंद. मुंबईची एन्ट्री फी गेली, पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट रद्द केलं आणि रेसच्या दिवशी सकाळी पाय उशीवर ठेवून टीव्ही बघत बसलो.

त्या दहा आठवड्यांत मला जे समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इथे सांगतो. पळायला लागलं की आपलं हृदय आणि फुप्फुसं फार लवकर तयार होतात, दीड-दोन महिन्यांत दम लागणं कमी होतं आणि आपल्याला वाटतं आता आपण तयार झालो. पण हाडं आणि स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारे टेंडन यांना तेवढं तयार व्हायला कितीतरी महिने जास्त लागतात. हाडाचं तर असं आहे की त्याच्यावर नवीन ताण पडला की शरीर आधी तिथला जुना भाग खोदून काढतं आणि मगच नवीन भरतं, म्हणजे मधल्या काही आठवड्यांत ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. सिंहस्थासाठी सध्या जिथे तिथे रस्ते खोदलेत ते आपण रोज बघतोय, खोदलेल्या रस्त्यावर काँक्रीट पडून ते वाळायच्या आधीच ट्रक घातला तर काय होईल? माझ्या नडगीचं तेच झालं. दम पुरत होता म्हणून मी पळत होतो आणि हाड मागे राहिलं होतं.

आता माझा आठवडा कसा असतो ते सांगतो. यात काही मोठी विद्या नाही, पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला पुस्तकातला प्लॅन लागू पडत नाही आणि नाशिकमध्ये सातपूर-अंबडला शिफ्टवाले हजारोंनी आहेत, म्हणून जरा नीट लिहितो. प्लॅनमध्ये छापलेलं असतं मंगळवार अमुक, गुरुवार तमुक, जणू प्रत्येक आठवडा सारखाच उजाडतो. आमची फर्स्ट शिफ्ट सकाळी ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री १२, आणि थर्ड १२ ते ७, दर आठवड्याला बदलते. पहिली काही वर्षं मी याच्याशी भांडत होतो, थर्ड शिफ्ट करून सकाळी कंपनीच्या गेटवरूनच पळायला सुटायचो, डोळे चुरचुरतायत, पोटात कँटीनचा चहा, आणि पाय शिसं भरल्यासारखे.

मग एकदा लक्षात आलं की जाणकार लोक सांगतात दोन-तीन आठवडे अंतर वाढवत न्यावं आणि मग एक आठवडा मुद्दाम कमी पळावं म्हणजे शरीर भरून निघतं. अहो, माझ्या शिफ्टचं चक्र तीन आठवड्यांचंच आहे! तेव्हापासून थर्ड शिफ्टचा आठवडा हाच माझा हलका आठवडा. फर्स्टच्या आठवड्यात साधारण ४० किलोमीटर, सेकंडच्या आठवड्यात ४४, आणि थर्डच्या आठवड्यात २५-२६, ते पण संध्याकाळी झोप पुरी झाल्यावर, घड्याळ घरी ठेवून. त्या आठवड्यात वेगाचं काहीच नाही. झोप मोडलेली असताना वेगात पळणं म्हणजे ऑइल नसलेल्या मशीनवर फीड (कापायचा वेग) वाढवण्यासारखं आहे, आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा. तीन वर्षं झाली, त्यानंतर एकही मोठी दुखापत नाही.

बाकीच्या दोन आठवड्यांत सोमवारी सुट्टी, मंगळवारी आणि शुक्रवारी हळू पळणं, गुरुवारी वेगाचं, रविवारी लांबचं. बुधवारी आणि शनिवारी पाय मजबूत करायचे व्यायाम, नाहीतर पांडवलेणीच्या पायऱ्या, त्या पण चालत.

हळू म्हणजे किती हळू हा प्रश्न मला सगळे विचारतात. शेजारी पळणाऱ्याला पूर्ण वाक्य बोलून दाखवता आलं पाहिजे, मध्ये श्वास न तोडता. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. माझा हाफ मॅरेथॉनचा वेग किलोमीटरला ५ मिनिटं ५२-५३ सेकंद आहे आणि मंगळवारी मी ७ मिनिटं १५ सेकंदांनी पळतो, कधी साडेसात. लोक पुढे जातात. कॉलेजची पोरं तर जातातच, पण वयाने मोठी माणसं पण जातात, आणि जाऊ द्यायचं हेच त्या दिवसाचं काम असतं. स्टीफन सायलर नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्वेत राहून जगातल्या अव्वल खेळाडूंच्या ट्रेनिंगच्या नोंदी तपासत आले, बोट वल्हवणारे, बर्फावर स्की करणारे, धावपटू, आणि सगळीकडे त्यांना जवळपास हेच दिसलं की दहातली आठ ट्रेनिंग अगदी सोपी आणि दोनच कडक. आपण हौशी लोक नेमकं उलटं करतो, दहाच्या दहा मधल्या वेगात, ना धड हळू ना धड जोरात, म्हणजे थकवा पूर्ण आणि फायदा अर्धा.

गुरुवारचं मात्र मला मनापासून आवडतं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पावणेपाचला घर सोडतो, पाच वाजता मैदानावर. आमच्या भागातलं मातीचं मैदान आहे, एक फेरी साधारण ४०० मीटर भरते. बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढायची, कठड्यावर आठ खडे मांडून ठेवायचे, आणि एक फेरी झाली की एक खडा डावीकडून उजवीकडे. एक फेरी २ मिनिटं ५ सेकंदांत, मग २०० मीटर चालत, मग परत. पाचव्या फेरीला वाटतं आज नको, सातव्या फेरीला वाटतं आता कशाला सोडायचं. थंडीच्या दिवसांत तोंडातून वाफ येते, निफाडकडून आलेल्या वाऱ्याने कान बधिर होतात आणि मैदानावर अंधारात फक्त पावलांचे आवाज. कारण मी एकटा नसतो तिथे. पोलीस भरतीची पोरं-पोरी असतात, पेठ-सुरगाण्याकडची, गावाकडून येऊन चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहिलेली. भरतीच्या चाचणीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८०० मीटर.

त्यातली एक मुलगी मागच्या वर्षी मला रोज विचारायची, काका किती झाले, कारण तिच्याकडे घड्याळ नव्हतं. ती रोज, अगदी रोज, ८०० मीटर जीव तोडून पळायची, दोनदा. टायमिंग ३ मिनिटं २२ सेकंद, दोन महिने झाले तरी तिथेच. मी तिला म्हटलं, बाळा, आठवड्यातले चार दिवस अर्धा तास नुसतं गप्पा मारत पळ आणि दोनच दिवस जोर लाव. तर ती म्हणाली, काका, हळू पळून फास्ट कसं होणार?

हा प्रश्न बरोबर आहे, सगळ्यांच्याच मनात असतो. उत्तर असं की तीन मिनिटांच्या पळण्यातसुद्धा निम्म्याहून जास्त काम शरीर ऑक्सिजनवर करतं, आणि स्नायूपर्यंत ऑक्सिजन नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि तो वापरणारी यंत्रणा हळू आणि जास्त वेळ पळण्यानेही चांगली वाढते, त्यासाठी रोज जीव तोडायची गरज नसते. मी तिला पीटर स्नेलचं सांगितलं. न्यूझीलंडचा, ८०० मीटर पळणारा, त्याचे कोच आर्थर लिडियार्ड त्याला दर रविवारी डोंगरातल्या रस्त्याने ३५ किलोमीटर पळायला लावायचे, लोकांना वाटलं हे भलतंच, आणि १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचं सोनं घेतलं, १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्हीचं. तिला कितपत पटलं माहीत नाही, पण तिने केलं. सात आठवड्यांनी ३ मिनिटं ११ सेकंद. मी घड्याळ दाखवलं तर तिने दोनदा बघितलं आणि मग मैत्रिणीला हाक मारायला पळाली. तो फोटो कुणी काढला नाही.

रविवारी लांब. गाडी गंगापूर रोडला लावतो आणि सोमेश्वरच्या पुढून धरणाच्या दिशेने निघतो, आम्ही चार-पाच जण असतो. १६ पासून सुरू करून २०-२२ पर्यंत नेतो आणि तिसऱ्या आठवड्यात परत १० वर. सगळं बोलण्याच्या वेगाने. उजाडता उजाडता धरणाचं पाणी दिसतं, द्राक्षांच्या बागांत औषध फवारणारे ट्रॅक्टर निघालेले असतात, आणि त्या वेळी जे बोलणं होतं ना, पोरांच्या ॲडमिशनपासून ते आईच्या मोतीबिंदूपर्यंत, ते दुसऱ्या कुठल्याच वेळी होत नाही. खिशात खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की, बाटलीत लिंबू-मीठ-साखर. एक गोष्ट मुंबईला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर, कोरड्या थंडीत तयारी करतो, आणि मुंबईत जानेवारीतही दमट असतं, घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. नाशिकच्या वेगाने सुरुवात केली की पेडर रोडच्या चढाला पाय उचलत नाहीत. म्हणून शेवटच्या महिन्यात एखाद-दोन सोपे रन मुद्दाम दुपारी चार वाजता उन्हात काढावेत, उकाड्यात वेग किती कमी करावा लागतो त्याचा अंदाज येतो. परत आल्यावर मिसळ असतेच, ती सांगायला नको.

व्यायामाचं थोडक्यात. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवडे टेकवायचे, टाचा खाली सोडायच्या आणि सावकाश वर उचलायच्या, एका पायावर १५, तीन वेळा. मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करतो. याने पोटऱ्या आणि टाचेच्या मागचा टेंडन तयार होतो आणि नडगीवरचा भार कमी होतो. आणि बूट. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की तळवा बसतो, वरून नवा दिसला तरी. मी बुटाच्या जिभेच्या मागे बॉलपेनने घेतल्याची तारीख लिहून ठेवतो.

रेस झाल्यानंतरचं तर कुणी पाळतच नाही. पळणाऱ्यांत एक जुना हिशेब आहे की जितके मैल रेस तितके दिवस वेगाचं काही करायचं नाही, म्हणजे फुल मॅरेथॉन २६ मैलांची म्हणून २६ दिवस, हाफला १३. आणि आमच्याकडे लोक रविवारी हाफ पळून पुढच्या रविवारी दुसऱ्या गावाला दहा किलोमीटरची एन्ट्री भरतात, कारण टी-शर्टचा रंग चांगला आहे. वर्षाला दोन, फार तर तीन रेस मनापासून पळाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या रविवारी धरण आहेच.

गुडघ्याचंही सांगतो, कारण मला एका डॉक्टरांनी चाळीशीनंतर पळू नका, गुडघे झिजतील असं सांगून घरी पाठवलं होतं आणि माझ्या मिसेसने ते अजून डोक्यातून काढलेलं नाही. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब करून एक शोधनिबंध आला. हौशी पळणाऱ्यांत गुडघा आणि खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के. हे तीन आकडे एकत्र वाचा. पळण्याने नुकसान होतं असं नाही, पण हौशी माणसाने रोज स्पर्धेसारखं पळावं असंही नाही.

आपल्या जिल्ह्याला तर हे कुणी शिकवायला नको. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेतलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये सिल्व्हर, ३१ मिनिटं ५१ सेकंद, सोनं एका सेकंदापेक्षा कमी फरकाने गेलं. तेव्हा तुम्ही लोकांनी सावरपाडा एक्स्प्रेस म्हणून किती कौतुकाने छापलं होतं, ती कात्रणं माझ्याकडे अजून आहेत. १० हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. त्या २५ फेऱ्यांसाठी त्याआधी किती वर्षं, किती सकाळी, किती हजार फेऱ्या नाशिकच्या मातीत मारल्या असतील, ते मात्र कात्रणात कुठेच सापडत नाही, मी शोधलं.

तर आता मागणं. एक, तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा का होईना, एखाद्या साध्या माणसाचा साधा आठवडा छापा. बिब नसलेला, मेडल नसलेला. त्यात तो हळू किती पळाला, सुट्टी कधी घेतली, दुखलं तेव्हा थांबला की नाही, हे येऊ द्या. एखाद्या फिजिओला चार ओळी लिहायला सांगा. माझ्यासारख्या एकाची जरी नडगी वाचली तरी ती जागा कारणी लागली.

दुसरं, मैदानांबद्दल. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटेपासून माणसं फिरायला-पळायला येतात, ते बघून बरं वाटतं. पण सिडकोपासून पंचवटीपर्यंत प्रत्येकाला रोज तिकडे जाणं जमत नाही, घराजवळची मैदानं लागतातच. आमच्याकडे एका मैदानाच्या कडेने होता तो मातीचा ट्रॅक काढून पेव्हर ब्लॉक बसवले. दिसायला चकाचक झालं. पण पेव्हर ब्लॉकला लवच नाही, सांध्यांत पाय अडकतो, आणि पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं, मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या डोळ्यांदेखत एक आजी घसरून पडल्या, मनगट मोडलं. पळणाऱ्याला आणि चालणाऱ्याला दोघांनाही मुरूम आणि माती बरी, खर्च पण कमी. आणि दिवे. थंडीत सूर्य सात वाजता उगवतो, भरतीची पोरं पाचला येतात, मुली मोबाईलचे टॉर्च लावून पळतात. पहाटे पाच ते सात दिवे चालू ठेवले तर किती बिल येणार आहे?

आणि तिसरं, हे आत्ताच बोलायला हवं, नंतर उपयोग नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते नव्याने होतायत. होतच आहेत तर जिथे जागा आहे तिथे फुटपाथच्या कडेला चार फूट मुरमाची पट्टी सोडा, झाडांच्या रांगेत, काँक्रीट न ओतता. त्याच्यावर पाणी पण मुरेल, झाडांची मुळं पण श्वास घेतील, आणि पायी येणाऱ्या भाविकांच्या पायांना पण चटके कमी बसतील. काँक्रीट एकदा ओतलं की पुढचा सिंहस्थ येईपर्यंत कुणी उखडणार नाही, म्हणजे बारा वर्षं. तुम्ही हे छापलंत तर संबंधितांपर्यंत पोचेल, आमच्या अर्जाला पोचपावतीशिवाय काही मिळालेलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, म्हणजे गुरुवारी पहाटे पाचला मी मैदानावर असेन आणि भरतीची पोरं-पोरी पण असतील. ती मुलगी आता ३ मिनिटांच्या जवळ आलीये. तुमच्या फोटोग्राफरला जमलं तर जरूर पाठवा, आणि फ्लॅश घेऊन यायला सांगा, साडेसहापर्यंत तिथे अंधार असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पळणारा वाचक,
सिडको, नाशिक